विचार बदलला असल्यास एक दाबा

पैसे परत मिळाले म्हणून सोफाबाई भडकल्या होत्या.

गल्लीत हे कुणालाच समजेना. शेजारच्या चावीवाल्याला तर अजिबातच नाही. त्याला उभ्या आयुष्यात कुठल्या कंपनीने न भांडता काही परत दिलं नव्हतं. त्याने किल्ली घासायचं यंत्र बंद केलं आणि दारात येऊन विचारलं, "बाई, विमा कंपनीनं स्वतःहून पैसे दिले?"

"दिले."

"मग ओरडताय कशाला? त्या कागदाला फ्रेम करा. लोक बघायला येतील."

"तू तुझं काम कर," सोफाबाई म्हणाल्या. हातातली कात्री त्यांनी टेबलावर ठेवली नाही, आपटली.

सोफाबाई सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करतात. वय साठीला टेकलेलं. दुकान वडिलांचं, अरुंद आणि खोल. पुढच्या भागात खुर्च्या पाय वर करून पडलेल्या असतात. मागे फोमचे तक्ते, काथ्याची पोती, स्प्रिंगांचा ढीग. मधे एक घोडा, म्हणजे लाकडी ठोकळा, त्यावर खुर्ची चढवून त्या वाकून काम करतात. दुकानाला पाटी आहे, पण ती कुणी वाचत नाही. सगळे म्हणतात, सोफाबाईंकडे जा.

त्यांची कामाची पद्धतही वडिलांचीच. खिळे तोंडात. मूठभर बारीक खिळे त्या गालात भरतात. जिभेने एकेक खिळा फिरवून डोकं ओठांवर आणतात. हातोडीचं एक टोक लोहचुंबकाचं असतं. ते ओठांना लावलं की खिळा हातोडीला चिकटून येतो आणि पुढच्या क्षणी लाकडात जातो. डावा हात तेवढा वेळ कापड ताणून धरतो. तो हात सुटला की कापड ढिलं पडतं आणि मारलेले खिळे उपटून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. नव्या सोफ्यांना त्या पिना मारायची बंदूक वापरतात. जुन्या लाकडी खुर्च्यांना नाही. बंदुकीने लाकूड फाटतं, असं त्यांचं म्हणणं.

खिळे तोंडात असले की सोफाबाई बोलत नाहीत. गिऱ्हाइकांना हे माहीत आहे. ते उभे राहतात. चावीवाला म्हणतो, बाईंशी भांडायचं असेल तर याच वेळी भांडून घ्यावं.

सोफाबाईंना एकच बहीण. थोरली, ताई. लग्न करून दुसऱ्या देशात गेली ती तिथलीच झाली. आता नवरा नाही, गुडघे गेलेले, विमानात बसायची हिंमत नाही. मुलगा आणि सून बरोबर असतात. ताई दर आठवड्याला फोन करायची आणि दर फोनला विचारायची, "कधी येतेस?"

सोफाबाई म्हणायच्या, "येते की."

दोनदा येते म्हणून आल्या नव्हत्या. पहिल्यांदा एका हॉटेलच्या जेवणघराच्या सगळ्या खुर्च्या आल्या. दुसऱ्यांदा नाटकगृहाची पहिली रांग. दोन्ही वेळा सोफाबाईंनी कामाच्या कागदाचा फोटो काढून ताईला पाठवला होता. ताईने उत्तर दिलं होतं, खुर्च्यांना माझा नमस्कार सांग.

या वर्षी ताई म्हणाली, "शेवटचं बोलावते. आता नाही आलीस तर परत विचारणार नाही. मला पण काही स्वाभिमान आहे."

सोफाबाईंनी त्याच दिवशी तिकीट काढलं. नवं काम घेणं बंद केलं. दाराला कागद चिकटवला. चावीवाल्याला कुलूप बघायला सांगितलं.

ताई खूश झाली, पण कबूल कशाला करेल. म्हणाली, "तिकीट तू काढलंस, प्रवासाचा विमा मी काढते. तू कुठे तरी धडपडशील आणि मला निस्तरावं लागेल." भाच्याने संगणकावर बसून विमा काढला. पैसे ताईच्या खात्यातून गेले. प्रवासी म्हणून सोफाबाईंचं नाव, फोन नंबर.

निघायच्या आदल्या दिवशी सोफाबाई बॅगेची चेन ओढत होत्या आणि खाली बसल्या. पाठीतून कळ आली ती त्यांना उठू देईना. चावीवाल्याने रिक्षा आणली. हॉस्पिटलात कळलं, मुतखडा. डॉक्टर म्हणाले, विमानाचं नाव काढू नका. सोफाबाई इतक्या विव्हळत होत्या की नाव काढायला त्यांना जमलंही नसतं.

तिथूनच त्यांनी ताईला फोन लावला.

"मुतखडा," ताई म्हणाली. "हे नवीन आहे."

"ताई, मी खोटं बोलते का?"

"मी असं म्हटलं का? आराम कर."

भाच्याने कंपनीला कळवलं की मावशीचा प्रवास होत नाही. कंपनीने उत्तर दिलं, रद्द होण्याचं कारण आम्ही प्रवाशालाच फोन करून विचारू. आजारपण असेल तर तिकिटाचे पैसेही मिळतील, असं त्या पॉलिसीत लिहिलेलं होतं. ते भाच्याने मावशीला वाचूनही दाखवलं होतं.

खडा पडला. सोफाबाई घरी आल्या, चार दिवस पडून राहिल्या आणि दुकानात गेल्या. एका वकिलाची खुर्ची बरेच दिवस घोड्यावर अडकली होती. त्या खुर्चीची पाठ त्या बसवत होत्या. कापड ताणलेलं, गाल खिळ्यांनी भरलेला, आणि फोन वाजला. त्यांनी कोपराने बटण दाबून आवाज मोठा केला.

यंत्र बोलत होतं. गोड बाईचा आवाज. आपल्या प्रवास विम्याबाबत. प्रवास रद्द करण्याचं कारण नोंदवायचं आहे. विचार बदलला असल्यास एक दाबा. अन्य कारण असल्यास बीप वाजल्यानंतर कारण बोला.

बीप वाजली.

सोफाबाईंच्या तोंडात पंधरावीस खिळे होते. डाव्या हातात वकिलाचं कापड होतं. बोलायचं म्हणजे खिळे थुंकायचे. थुंकायचे म्हणजे हात सोडायचा. यंत्राने पुन्हा सांगितलं. पुन्हा बीप. यंत्राचा आवाज पहिल्यासारखाच गोड. सोफाबाईंना वाटलं, नंतर खरा माणूस फोन करेल, तेव्हा सांगू. त्यांनी हातोडीच्या दांड्याने एक दाबला.

धन्यवाद, यंत्र म्हणालं.

खऱ्या माणसाचा फोन कधी आलाच नाही. चारच दिवसांत विम्याचा हप्ता परत गेला. सोफाबाईंच्या खात्यात नाही, ताईच्या. ज्याने भरला त्याला परत. सोबत एक ओळीचा संदेश. परताव्याचं कारण: प्रवाशाचा विचार बदलला.

ताईने तो संदेश काही न लिहिता सोफाबाईंना पाठवला. मग फोन उचलेनाशी झाली.

सोफाबाईंनी हॉस्पिटलचे कागद पाठवले. खड्याचा फोटो पाठवला. डॉक्टरची चिठ्ठी पाठवली. शेवटी भाच्याने आईच्या हातात फोन दिला तेव्हा ताई म्हणाली, "खडा होता. मान्य. खडा काय, तुझ्या पोटात अख्खा डोंगर असेल. पण खडा पडला त्या दिवशी तुला बरं वाटलं की नाही? सुटले म्हणून?"

"ताई, काहीही बोलू नकोस."

"मी नाही बोलत. तू बोललीस. कंपनीला. मला खड्याचं सांगितलंस आणि त्यांना खरं सांगितलंस."

फोन ठेवला गेला.

तर हे असे पैसे परत मिळाले होते, आणि म्हणून सोफाबाई भडकल्या होत्या. त्यांना ते पैसे नको होते. ती ओळ खोडून हवी होती.

त्या कंपनीच्या ऑफिसात गेल्या. चौथा मजला, काचेचा दरवाजा, थंडगार हवा. बसायला लाल सोफा होता. त्याची शिवण उसवलेली होती आणि आतला फोम लोकांनी बोटाने उकरून काढला होता. सोफाबाई बसल्या नाहीत.

काउंटरवर एक तरुण मॅडम होती. चेहरा थकलेला. समोर बोर्ड, कृपया सौजन्याने बोला.

"पैसे परत घ्या," सोफाबाई म्हणाल्या.

"म्हणजे परत हवेत का?"

"नाही. मिळाले. ते तुम्ही परत घ्या."

मॅडमने पडद्यावर बघितलं. मग सोफाबाईंकडे बघितलं. "बाई, इथे लोक मिळाले नाहीत म्हणून येतात."

"मी मिळाले म्हणून आलेय. माझा विचार बदलला नव्हता. मी हॉस्पिटलात होते. हे कागद."

"पण परतावा झालाय. परतावा झाला की पॉलिसी नव्हतीच असं धरलं जातं. मग कारण बदलता येत नाही."

"कशाचं कारण?"

"नसलेल्या पॉलिसीचं."

सोफाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पॉलिसी नव्हती, तर मग माझा विचार बदलला हे कुठे लिहून ठेवलंत? हवेत?"

मॅडम कसनुशी हसली. "मला हसू येतंय असं समजू नका, बाई. मी सकाळपासून इथे बसलेय."

"मग घ्या ना पैसे."

"परतावा परत घ्यायची आमच्याकडे सोयच नाही. असं कुणी मागत नाही."

मागे रांगेतला एक गृहस्थ म्हणाला, "त्यांना नको असतील तर मला द्या. माझे दोन वर्षं अडकलेत."

सोफाबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने मोबाइल काढून त्यात डोकं घातलं.

शेवटी आत साहेबांकडे पाठवलं. साहेब चाळिशीचे, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, बोलायला मऊ. मऊ बोलणाऱ्या माणसांवर सोफाबाईंचा राग जास्त असतो. त्यांच्यावर नीट ओरडता येत नाही.

"तुमची नोंद ऐकूया," साहेब म्हणाले. त्यांनी कळ दाबली.

खोलीत सोफाबाईंचं दुकान वाजायला लागलं. ठक. ठक. ठक. मधूनच यंत्राचा गोड आवाज. बीप. ठक. पुन्हा तोच आवाज. बीप. मग एक दाबल्याची टुक. धन्यवाद. ठक. ठक.

"तुम्ही एक दाबला," साहेब म्हणाले.

"दाबला."

"आणि मागे काम चाललं होतं. म्हणजे तुम्ही आजारी नव्हता."

"आजारी होते तेव्हा फोन आला नाही. बरी झाल्यावर आला."

"मग कारण बोलायचं होतं."

"तोंडात खिळे होते."

"काय होते?"

सोफाबाईंनी पिशवीतून पत्र्याची डबी काढली. ती त्यांच्याकडे कायम असते. झाकण उघडलं, चिमूटभर खिळे घेतले आणि तोंडात टाकले. मग आणखी चिमूटभर. गाल फुगला. हात जोडल्यासारखे पोटावर धरले आणि साहेबांकडे बघत राहिल्या.

"बाई, हे काय करताय?"

सोफाबाई गप्प.

"अहो, लागेल तोंडात. काढा ते."

गप्प.

"तुम्हाला नक्की काय हवंय? तुम्ही बोलला नाहीत तर मी काय लिहू?"

सोफाबाई पुढे वाकल्या. टेबलावर साहेबांचा फोन होता, जुना, बटणांचा. त्यांनी बोटाच्या पेराने एक दाबला. टुक.

दारात मॅडम उभी होती. तिला आधी समजलं. तिने तोंडावर हात ठेवला.

मग सोफाबाईंनी खिळे थुंकले. सगळे एकदम नाही. जिभेवरून एकेक, साहेबांच्या पेनांच्या तबकात. टिण. टिण. साहेबांनी तबक किंचित लांब सरकवलं.

"कळलं?" सोफाबाई म्हणाल्या.

"कळलं," साहेब म्हणाले. आवाज अजून मऊच. "पण असा पर्याय यादीत नाही."

"तुमच्या यादीत एकच पर्याय आहे. सगळ्यात सोपा आकडा तुम्ही तुमच्यासाठी ठेवलाय. एक दाबला की हप्ता परत करून मोकळे. तिकिटाचे द्यायला नकोत. जो खरं सांगणार त्यानं बीपची वाट बघायची. हे कुणी ठरवलं? त्याला बोलवा."

"ते मुख्य ऑफिसात असतात."

"तिथे पण सोफा असाच फाटलाय का?"

साहेब पडद्यावर शोधत राहिले. मग म्हणाले, एक वाट आहे. हप्ता ज्यांनी भरला त्यांनी परतावा नाकारला, आणि प्रवाशाचा येण्याचा इरादा कायम होता असं स्वतःच्या सहीने लिहून दिलं, तर फाइल पुन्हा उघडता येते. मग कारणही बदलेल. तिकिटाचंही बघता येईल.

"म्हणजे ताईनं लिहून द्यायचं."

"हो. की तुम्ही येणार होता."

सोफाबाई जिना उतरून आल्या. लिफ्ट होती, पण लिफ्टमध्ये उभं राहण्याइतकं त्यांचं डोकं शांत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी भाच्याला फोन केला. चावीवाला ऐकतोय हे त्यांना माहीत होतं. किल्ली घासायचं यंत्र बंद होतं.

"आईला दे."

"मावशी, ती नाही म्हणतेय."

"तिला म्हणावं, बाबांच्या खिळ्यांचं सांगायचंय."

पलीकडे कुजबुज झाली. मग ताईचा श्वास ऐकू आला.

सोफाबाईंनी सगळं सांगितलं. वकिलाची खुर्ची, ताणलेलं कापड, यंत्राचा आवाज, हातोडीचा दांडा. आतापर्यंत हे त्यांनी ताईला सांगितलंच नव्हतं. कंपनीने चूक केली, एवढंच म्हणत राहिल्या होत्या. आपण स्वतः एक दाबला हे जिभेवर येत नव्हतं.

दोघी लहानपणी त्याच दुकानात काथ्याच्या पोत्यावर बसून अभ्यास करायच्या. खिळ्यांचं ताईला समजावून सांगायची गरज नव्हती.

"म्हणजे यायचं होतं तुला," ताई शेवटी म्हणाली.

"तेच सांगतेय महिनाभर."

"आणि माझ्या विम्याचा फोन होता."

"हो."

"आणि तू खिळे थुंकली नाहीस."

"कापड सुटलं असतं, ताई."

"मी शाळेतून आले की बाबा थुंकायचे," ताई म्हणाली. "कापड सोडून द्यायचे. मला विचारायचे, आज काय झालं. मग सगळं परत पहिल्यापासून ठोकायचे. तुला आठवत नाही? तू तिथेच बसलेली असायचीस."

आठवत होतं. बाबांच्या हातातली ओली खिळ्यांची मूठ आणि ढिलं पडलेलं कापड. सोफाबाईंना हेही आठवलं की बाबांचं काम कधी वेळेवर झालं नाही आणि दुकानावर कायम उधारी होती. ती सगळी त्यांनी फेडली, या खिळ्यांनी, न थुंकता. ताई तेव्हा लग्न करून गेली होती.

हे त्या बोलल्या. मोठ्याने बोलल्या. चावीवाला दारातून मागे सरकला. "बाबांनी खिळे थुंकले तुझ्यासाठी आणि ते मला परत ठोकायला लागले. ऐकलंस? मला. तुला तिथे बसून स्वाभिमान आहे. मी इथे खुर्च्या ठोकतेय. मुतखडा झाला तर तो पण खोटा. आणि आता तू मला शिकव, फोन कसा घ्यायचा."

ताईने ऐकून घेतलं. तिचाही आवाज चढला. "मग आधीच म्हणायचं होतंस की राग आहे. खुर्च्यांचे फोटो कशाला पाठवत होतीस?"

"फोटो पाठवत होते कारण तुझा विश्वास नव्हता."

"अजूनही नाही."

फोन कुणी ठेवला नाही.

मग सोफाबाई म्हणाल्या, "कंपनीला लिहून द्यायचंय. मी येणार होते असं. तुझी सही लागते."

"नाही देणार."

"ताई."

"मला काय माहीत तू येणार होतीस की नाही? मी बघितलं का? खोटं कसं लिहू?" ताई म्हणाली. "इथे ये. समोर बसून भांड. मग बघते काय लिहायचं ते."

"दुसरं तिकीट कोण काढणार? पहिल्याचे पैसे अजून मिळाले नाहीत."

"ते मला विचारू नकोस. मी फक्त विमा काढते. आणि या वेळी तोही काढणार नाही. धडपडलीस तर धडपड."

फोन ठेवला गेला. या वेळी कुणी आधी ठेवला ते सांगता आलं नसतं.

सोफाबाई बराच वेळ वकिलाच्या खुर्चीकडे बघत बसल्या. ती तयार होऊन उभी होती, पाठ ताठ, एक सुरकुती नाही. वकील अजून न्यायला आला नव्हता. त्यांना त्या खुर्चीला लाथ मारावीशी वाटली. मारली नाही. ठोकायला पुन्हा त्यांनाच लागलं असतं.

चावीवाला पाण्याचा ग्लास घेऊन आला. "काय म्हणाल्या ताई?"

"येऊन भांड म्हणाली."

"मग?"

"मग काय. तिला काय वाटतं, मला भांडता येत नाही?"

तिकीट त्यांनी काढलं. आधीच्यापेक्षा महाग. पैसे मोजताना एजंटाला चार शब्द सुनावले, त्याचा काही दोष नसताना. कंपनीला चिठ्ठी पाठवली की सही आणायला जातेय, फाइल तोवर उघडी ठेवा. उत्तर आलं नाही.

त्यानंतर एका सकाळी त्या एका जुन्या आरामखुर्चीला पट्टे ठोकत होत्या. जाण्याआधीचं शेवटचं काम. गाल भरलेला, पट्टा डाव्या हातात ताणलेला, आणि फोन वाजला. चावीवाल्याने यंत्र बंद केलं. त्याला आता सवय झाली होती.

विमान कंपनीचा फोन होता. यंत्रच होतं. तसाच गोड आवाज. आपल्या प्रवासाबाबत. प्रवास निश्चित असल्यास एक दाबा. अन्य काही सांगायचं असल्यास बीप वाजल्यानंतर बोला.

एक दाबला असता तरी चाललं असतं. हातोडी हातातच होती.

सोफाबाईंनी पट्टा सोडला. तो सट्टकन मागे गेला आणि मारलेले दोन खिळे उपटून घेऊन गेला. त्यांनी सगळे खिळे ओंजळीत थुंकले.

बीप वाजली.

"मी माझ्या बहिणीकडे जातेय," सोफाबाई म्हणाल्या. "माझा विचार बदललेला नाही. आधीही बदलला नव्हता. लिहून घ्या."

मग यंत्र म्हणालं, माफ करा, समजलं नाही, कृपया पुन्हा सांगा.

सोफाबाईंनी पुन्हा सांगितलं. या वेळी चढ्या आवाजात.